कुलूप एक, किल्ल्या दोन : अन्नातील नैसर्गिक विषे व कारखान्यांतील विषे

पाऊस एकाएकी उघडावा, गुडघ्याएवढी ज्वारी उन्हाने सुकू लागावी आणि दावे तोडून आलेली गाय त्या शेतात शिरावी, म्हणजे पुढे काय घडते हे वाशी तालुक्यातील शेतकऱ्यांस सांगावयास नको. गाय धापा टाकू लागते, तोंडास फेस येतो, पाय लटपटतात, अंगास झटके येतात आणि तासाभरात, कित्येकदा त्याहूनही लवकर, ती दगावते. आपल्याकडे यास ‘किराळ लागणे’ असे म्हणतात. पूर्वी कोणी ही दृष्ट समजत, कोणी साप चावल्याचा संशय घेत. वस्तुतः हे विष ज्वारीच्या कोवळ्या पानातच असते.

१९०२ साली डन्स्टन व हेन्री या दोन रसायनशास्त्रज्ञांनी कोवळ्या ज्वारीतून एक द्रव्य वेगळे केले. ज्वारीच्या ‘धुरा’ या अरबी नावावरून त्यास ‘धुरिन’ असे नाव पडले. धुरिन स्वतः फारसे अपायकारक नाही; परंतु पान चावले, चुरगळले किंवा रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात गेले की ते फुटते व त्यातून हायड्रोसायनिक आम्ल बाहेर पडते. हे आम्ल म्हणजेच सायनाइड होय. रक्तातून पोहोचलेला प्राणवायू पेशीतील ज्या विकराच्या साहाय्याने वापरला जातो, त्या विकरासच सायनाइड अडकवून ठेवते. परिणामी रक्त प्राणवायूने भरलेले, लालभडक, आणि पेशी मात्र गुदमरलेल्या, अशी स्थिती होते.

हेच सायनाइड सोन्याच्या खाणीत आणि धातूंवर मुलामा देण्याच्या कारखान्यांत वापरले जाते. ३० जानेवारी २००० रोजी रुमानियातील बाया मारे येथील सोने काढण्याच्या कारखान्याचा बांध फुटला, सायनाइडयुक्त पाणी तिसा नदीत वाहत गेले आणि नदीतील मासे फार मोठ्या संख्येने मेले. त्या नदीतील मासे आणि आपल्या शिवारातील गाय यांचे मरण एकाच रेणूने ओढवले. एक रेणू कारखान्याच्या हौदातून आला, दुसरा पिकाच्या पोंग्यातून. रेणूवर त्याचे गाव लिहिलेले नसते.

हा विषय घेऊन मी तेरखेड्यात शेतकऱ्यांच्या एका बैठकीस गेलो असता दोन प्रश्न विचारले गेले. एका वयस्क शेतकऱ्याने विचारले, “साहेब, जे आपल्या मातीतून उगवतं ते विष कसं असेल?” त्यांचे बोलणे संपते न संपते तोच मागे बसलेल्या एका तरुणाने उलट बाजू मांडली : “भाकरीच्या ज्वारीतच विष आहे, तर मग फवारणीच्या औषधाचा एवढा बाऊ कशाला करता?” हे दोन्ही प्रश्न सरळ मनाने विचारलेले होते व दोहोंस उत्तर देणे आवश्यक आहे. त्यासाठी मानेतील एका लहानशा ग्रंथीची कथा सांगणे मला सर्वांत सोयीचे वाटते.

मानेच्या पुढील भागात, कंठाच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला अवटू ग्रंथी किंवा थायरॉइड असे म्हणतात. शरीराची वाढ, अंगातील ऊब आणि विशेषतः गर्भातील बालकाच्या मेंदूची जडणघडण या ग्रंथीने तयार केलेल्या संप्रेरकावर अवलंबून असते. गर्भाची स्वतःची ग्रंथी गरोदरपणाच्या मध्यापर्यंत पुरेसे काम करू लागत नाही. तोवर त्याची सारी भिस्त मातेच्या संप्रेरकावर असते. हे संप्रेरक तयार करण्यास आयोडीन लागते. प्रौढ मनुष्यास दिवसाकाठी १५० मायक्रोग्रॅम आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस २५० मायक्रोग्रॅम आयोडीन आवश्यक असते. (एक ग्रॅमचे दहा लक्ष भाग केले असता त्यातील एक भाग म्हणजे एक मायक्रोग्रॅम.)

रक्तातील हे अत्यल्प आयोडीन ग्रंथीत ओढून घेण्यासाठी तिच्या पेशींवर एक दार असते. आयोडीनचा विद्युत्‌भारित कण या दाराच्या कुलपास बरोबर बसतो आणि आत जातो. परंतु तेवढ्याच आकाराचा आणि तसाच भार असलेला दुसरा कणही कुलपात शिरतो. कुलूप विचार करीत नाही. किल्ली बसली की ते गुंतून राहते आणि खरे आयोडीन बाहेर ताटकळत राहते.

अशा खोट्या किल्ल्यांपैकी सर्वांत जोरदार किल्ली परक्लोरेट ही होय. हिचा संबंध तेरखेड्याशी येतो. तेरखेडा हे गाव शोभेच्या दारूच्या कारखान्यांकरिता जिल्ह्याबाहेरही प्रसिद्ध आहे आणि येथील पुष्कळ कुटुंबांचे एक पाऊल शेतात तर दुसरे फटाक्यांच्या शेडमध्ये असते. जुन्या काळी फटाक्याची दारू सोरा, गंधक व कोळसा यांचीच असे. पुढे लख्ख उजेड व मोठा आवाज यांसाठी ॲल्युमिनियमच्या भुकटीबरोबर पोटॅशियम परक्लोरेटसारखे क्षार वापरात आले. परक्लोरेट पाण्यात चटकन विरघळते, मातीस चिकटून राहत नाही आणि पाझरून भूजलात उतरते. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातील एका शहराच्या तलावावर २००४ ते २००६ या काळात आतषबाजीनंतर पाण्याची तपासणी करण्यात आली. तेव्हा परक्लोरेटचे प्रमाण चौदा तासांच्या आत मूळ पातळीच्या २४ ते १,०२८ पट झाल्याचे आढळले, व ते पूर्ववत होण्यास २० ते ८० दिवस लागले. तमिळनाडूतील फटाके-निर्मितीच्या भागातील भूजलातही परक्लोरेट असल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले आहे. यावरून आपल्या विहिरींविषयी भलताच निष्कर्ष काढू नये. विहिरीचा न्याय तिच्याच पाण्याच्या तपासणीवरून करावा. पिण्याच्या पाण्यात परक्लोरेट लिटरला ७० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१७ ची शिफारस आहे.

आता दुसरी बाजू पाहू. हेच कुलूप अडविणाऱ्या दोन किल्ल्या आपल्या ताटातही असतात. पहिली थायोसायनेट. ज्वारीच्या पानातील किंवा कसाव्याच्या कंदातील सायनाइड थोड्या प्रमाणात पोटात गेले, तर शरीर त्यास गंधकाची जोड देऊन त्याचे थायोसायनेट बनविते. ही शरीराची स्वतःचा बचाव करण्याची युक्ती आहे व ती उत्तम आहे. पण एका धोक्यातून सुटताना दुसरा लहानसा धोका अंगावर येतो, कारण थायोसायनेट आयोडीनच्या दारात अडकते. आफ्रिकेतील काँगोच्या काही भागांत नीट न भिजविलेला कसावा हे रोजचे अन्न आहे आणि तेथील जमिनीत आयोडीनही कमी आहे. तेथे गलगंडाचा प्रादुर्भाव मोठा असल्याचे आढळून आले. आपला उपवासाचा साबुदाणा याच कंदाचा. परंतु कंद सोलून, किसून, धुऊन त्यातील सत्त्व तेवढे काढलेले असल्यामुळे सायनाइड जवळजवळ निघून गेलेले असते. आपली ज्वारीची भाकरीही निर्धोक आहे, कारण धुरिन हे कोवळ्या पानांत व कोंबांत असते. पक्व दाण्यात ते नगण्य असते. कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी या वर्गातील भाज्यांतूनही थायोसायनेट मिळते. विडी व तंबाखू यांच्या धुरातून मिळणारे सायनाइड याच वाटेने जाते. धूम्रपान करणाऱ्या मातांच्या दुधातील आयोडीन सुमारे निम्म्यावर आल्याचे डेन्मार्कमध्ये २००४ मध्ये आढळले.

दुसरी किल्ली नायट्रेट. मेथी, पालक, चाकवत, राजगिरा अशा पालेभाज्यांत ते नैसर्गिकरीत्याच असते. तेच नायट्रेट युरियाचा अतिरेक झालेल्या शेतातून, गोठ्याच्या मुतारीतून आणि शौचखड्ड्यातून विहिरीत झिरपते. फटाक्याचा सोरा हासुद्धा नायट्रेटच. पिण्याच्या पाण्यातील त्याची मर्यादा आपल्या देशात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही आहे.

तिन्ही किल्ल्यांचे बळ मात्र सारखे नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगानुसार, कणास कण धरला असता आयोडीन अडविण्यात परक्लोरेट हे थायोसायनेटच्या १५ पट व नायट्रेटच्या २४० पट प्रभावी ठरले. म्हणजे परक्लोरेट कमी असूनही पुरे पडते, तर नायट्रेट कमजोर असूनही ताटातून व पाण्यातून मोठ्या राशीने येते. ग्रंथी मात्र तिन्हींची बेरीज करते. पालेभाजी, विहिरीचे पाणी, विडी आणि शेडमधील भुकटी यांचे हिशेब आपण चार वह्यांत ठेवतो. ती एकाच वहीत ठेवते.

परक्लोरेटसुद्धा केवळ माणसाने निर्माण केले आहे असे नाही. दक्षिण अमेरिकेतील चिलीच्या वाळवंटात सोऱ्याचे नैसर्गिक साठे आहेत व त्यात ते मुळातच असते. चिलीचा हा सोरा एके काळी जगभर खत म्हणून वापरला जाई. त्यातील परक्लोरेटमुळे पीक बिघडते हे १८९६ मध्येच निदर्शनास आले होते. पुढे १९५० नंतरच्या काळात डॉक्टरांनी याच द्रव्याचा उपयोग फाजील काम करणाऱ्या अवटू ग्रंथीस लगाम घालण्यासाठी औषध म्हणून केला. काही रोग्यांच्या रक्तावर गंभीर दुष्परिणाम झाल्याने तो वापर पुष्कळ कमी करावा लागला. खत, औषध, फटाका आणि प्रदूषक असे चार वेष एकाच द्रव्याने घेतले.

ग्रंथीच्या दारातून आयोडीन आत गेले तरी काम संपत नाही. आत एक विकर असते; ते आयोडीन जोडून संप्रेरक घडविते. हे दुसरे कुलूप होय. द्राक्ष, टोमॅटो, कांदा यांवर करपा व भुरी यांसारख्या रोगांचा विचार करताना आपण मँकोझेबचे नाव नेहमी घेतो (भुरीवर त्याचा उपयोग नाही, तरी ते फवारले जातेच!). मँकोझेबच्या विघटनातून इथिलीन थायोयुरिया नावाचे द्रव्य तयार होते आणि ते या विकरास अडविते. जुना, ओलसर, उन्हात तापलेला साठा असेल तर हे द्रव्य पुडक्यातच वाढलेले असते. तसेच फळभाजीवर राहिलेला अंश न धुता शिजविला तर शिजतानाही ते तयार होते. युरोपीय संघाने २०२० मध्ये मँकोझेबच्या मान्यतेचे नूतनीकरण नाकारले, त्यामागील कारणांत संप्रेरकांवरील परिणाम हे एक होते.

याच विकरास आपल्या शेतातील तीन पिके कमीअधिक प्रमाणात अडवितात. १९२८ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे मुख्यतः कोबीवर ठेवलेल्या सशांना गलगंड झाला, आणि त्या शोधापासून ‘अन्नातून गलगंड’ या विषयाचा अभ्यास सुरू झाला. बाजरीच्या दाण्यात, विशेषतः त्याच्या कोंड्यात, काही पिवळसर द्रव्ये असतात. सुदानच्या ज्या भागात बाजरीवाचून दुसरे धान्यच मिळत नाही, तेथे गलगंडास त्यांचा हातभार लागत असल्याचे १९८९ च्या सुमारास दाखविण्यात आले. सोयाबीनचे असेच. १९६० च्या सुमारास अमेरिकेत केवळ सोयाबीनच्या पिठाच्या दुधावर वाढविलेल्या काही तान्ह्या मुलांना गलगंड झाला. त्या दुधात आयोडीन घालण्यास सुरुवात झाल्यावर तो प्रकार थांबला.

ही तिन्ही उदाहरणे वाचून कोणी बाजरीची भाकरी टाकून देऊ नये, आणि सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्यानेही घाबरू नये. या उदाहरणांत एक समान गोष्ट आहे : एकच अन्न, रोज, दुसऱ्या कशाचीही जोड नसलेले, आणि तेही आयोडीन कमी असताना. हिवाळ्यात बाजरी, उन्हाळ्यात ज्वारी, मधून गहू, वर तूर-मूग-हरभऱ्याची डाळ व ऋतूप्रमाणे भाजी, असा आपल्याकडील जेवणाचा जो क्रम आहे तो याबाबतीत फार शहाणपणाचा आहे. कोबी शिजवून खाल्ल्यास त्यातील दोष पुष्कळसा कमी होतो, कारण अपायकारक द्रव्य मोकळे करणारे विकर उष्णतेने नष्ट होते.

आता बैठकीतील तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. किल्ली निसर्गाची असो वा कारखान्याची, कुलूप तेच, हे त्याचे म्हणणे खरे आहे. परंतु किल्ली कुलपात किती वेळ राहते, किती जोराने बसते आणि ती कोणाच्या संमतीने बसली, हेही पाहावे लागते. डायॉक्सिन हे विष टायर, प्लॅस्टिक इत्यादी कचरा जाळताना तयार होते. कोबीतील एक द्रव्य पोटात गेल्यावर पेशीतील ज्या कुलपास बसते, त्याच कुलपास डायॉक्सिनही बसते. कोबीचे द्रव्य शरीर लवकरच मोडून बाहेर टाकते. डायॉक्सिन चरबीत साठते व त्याचा निम्मा भाग जाण्यास सात ते अकरा वर्षे लागतात. एक पाहुणा जेवून जातो, दुसरा घरात बिऱ्हाड करतो. शिवाय भाजी आपल्यास जीवनसत्त्वे, लोह व चोथा देते. विहिरीतील परक्लोरेट काहीच देत नाही. निसर्गाने आधीच ग्रंथीवर थोडे ओझे ठेवलेले आहे, म्हणून आपण आणखी ठेवण्यास हरकत नाही, असा हिशेब कोणताही बैल हाकणारा मनुष्य मान्य करणार नाही.

वयस्क गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर अर्थातच किराळ लागलेल्या गाईने दिलेले आहे. तरी पशुपालकांसाठी आणखी एक उदाहरण नमूद करतो. १९४० नंतरच्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीच्या क्लोव्हर गवताच्या कुरणावर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. त्या गवतात मादीच्या संप्रेरकाची नक्कल करणारे द्रव्य होते. आपल्या लसूणघासातही, विशेषतः पानांवर रोग पडलेला असताना, याच प्रकारचे द्रव्य वाढते. लसूणघास उत्तमच वैरण आहे. पण गाई-शेळ्या वारंवार उलटत असतील तर केवळ तोच चारा न घालता त्यात कडबा व इतर वैरण मिसळावी.

करावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. सर्वांत महत्त्वाची मिठाची. पहिल्या कुलपातील गर्दीवर पुरेसे आयोडीन हाच उतारा आहे. दार तेच, पण खऱ्या किल्ल्या जास्त झाल्या की खोट्या मागे पडतात. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून आयोडीनयुक्त मीठ वाटून गलगंड कमी करून दाखविला, आणि त्यातूनच १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. दहा लक्ष भागांत १५ भाग आयोडीन असलेले मीठ दिवसास १० ग्रॅम पोटात गेले की १५० मायक्रोग्रॅमची गरज भागते. तथापि हे मीठ चुलीजवळ उघड्या भांड्यात, दमट जागी किंवा उन्हात ठेवले तर आयोडीन उडून जाते. झाकणाच्या बरणीत ठेवावे, व शक्यतो भाजी शिजल्यावर घालावे. बाजारात सुटे मिळणारे खडे मीठ स्वस्त असले तरी घरात गरोदर सून असताना ते वापरणे ही बचत नव्हे. दुसऱ्या कुलपास मात्र केवळ आयोडीन पुरत नाही. तेथे फवारणीतील संयम व अन्नातील विविधता हीच कामास येते. मँकोझेबच्या पुडक्यावर लिहिलेला प्रतीक्षा-कालावधी पाळावा, मुदत संपलेला साठा वापरू नये, आणि फळभाजी चिरण्यापूर्वी धुवावी, चिरल्यानंतर नव्हे.

उस्मानाबादी शेळीच्या मालकांनी गाभण शेळ्यांस आयोडीनयुक्त क्षारमिश्रण द्यावे. करडू जन्मतःच गळा सुजलेले, केस विरळ असलेले व अशक्त निपजले, तर आयोडीनच्या कमतरतेची शंका घ्यावी.

ज्वारीचे वैरण निम्म्या पिकास फुलोरा आल्यावरच कापावे. ताण बसलेली, खुरटलेली किंवा नुकतेच भरपूर नत्र दिलेली कोवळी ज्वारी, तसेच कापणीनंतर धसकटांतून फुटलेले कोंब यांवर जनावरे सोडू नयेत. हिशेब करून पाहा : जनावराच्या वजनाच्या प्रत्येक किलोस सुमारे २ मिलिग्रॅम सायनाइड प्राणघातक ठरते, ३०० किलोच्या गाईस ६०० मिलिग्रॅम पुरते, आणि किलोमागे २०० मिलिग्रॅम सायनाइड असलेली हिरवी ज्वारी भुकेल्या पोटी तीन किलो खाल्ली की तेवढे होते. कापून नीट वाळविल्यास किंवा मूरघास केल्यास विषाचे प्रमाण बरेच उतरते. लक्षणे दिसताच पशुवैद्यकास बोलवावे व निरोपातच ‘कोवळी ज्वारी खाल्ली आहे’ असे कळवावे, म्हणजे ते सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट ही शिरेतून द्यावयाची औषधे बरोबर घेऊन येतील. यातील थायोसल्फेट सायनाइडला गंधक पुरविते व त्याचे थायोसायनेट बनविते, म्हणजे शरीराचेच काम ते वेगाने करते.

फटाक्यांच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांनी भाकरी खाण्यापूर्वी हात कोपरापर्यंत धुवावेत, कामाचे कपडे घरच्या कपड्यांत व तान्ह्या मुलांच्या दुपट्यांत मिसळून धुऊ नयेत, आणि चाळण्या, घमेली व टोपल्या विहिरीच्या किंवा हातपंपाच्या कठड्यापाशी खंगाळू नयेत. टाकाऊ दारू शेतात पुरणे किंवा ओढ्यात सोडणे हा सुटकेचा मार्ग नव्हे. विरघळलेला क्षार पावसाबरोबर खालच्या विहिरीत येतो. पाणी उकळल्याने परक्लोरेट व नायट्रेट जात नाहीत, उलट पाणी आटल्यामुळे ते थोडे दाटच होतात. तुरटीनेही ते खाली बसत नाहीत. म्हणून शेडच्या उताराखालील विहिरींचे पाणी तपासून घ्यावे व पिण्यासाठी शक्य तर वरच्या अंगाची विहीर वापरावी. ग्रामपंचायतीने पाण्याचा नमुना पावसाळ्यापूर्वी एकदा व नंतर एकदा, त्याच पाण्याने दोन-तीन वेळा विसळलेल्या स्वच्छ बाटलीत घ्यावा, बाटलीवर विहिरीचे नाव व तारीख लिहावी, आणि प्रयोगशाळेत देताना नायट्रेटबरोबर परक्लोरेटचीही तपासणी हवी असल्याचे लेखी कळवावे. नेहमीच्या तपासणीत परक्लोरेटचा समावेश नसतो.